एक म्हणजे किती?

शनिवार पेठेत राहणाऱ्या माणसाला इतिहास मुद्दाम वाचावा लागत नाही. सकाळी दूध आणावयास निघाला की तो वाटेतच भेटतो. दरवर्षी मी पाचवी-सहावीच्या मुलांना शनिवारवाडा दाखवावयास नेतो. पहिल्या बाजीरावाने १७३० च्या जानेवारीत याचा पाया घातला, १७३२ साली वास्तुशांत झाली, १८२८ च्या आगीत आतले वैभव जळून गेले, असे मी घसा ताणून सांगत असतो. मुलांचे लक्ष मात्र नारायण दरवाजाकडे. ‘सर, ध चा मा इथंच झाला ना?’ हा प्रश्न आला नाही, असे एकही वर्ष मला आठवत नाही.

३० ऑगस्ट १७७३ रोजी गारद्यांनी नारायणराव पेशव्यांना याच वाड्यात ठार मारले, हे खरे. राघोबादादांच्या हुकुमातील ‘धरावे’चे ‘मारावे’ आनंदीबाईंनी केले, ही गोष्ट मात्र लोकांच्या तोंडी जितकी पक्की आहे तितकी कागदोपत्री पक्की नाही, असे मी मुलांना बजावून सांगतो. मुले माना डोलावतात आणि घरी जाऊन आईला ध चा मा चीच गोष्ट सांगतात! एका अक्षराने माणूस मरतो, यात काहीतरी असे आहे की ते विसरता येत नाही.

गेल्या दिवाळीत, पाडव्याच्या दिवशी, माझा एक जुना विद्यार्थी फराळाला आला. हा एके काळी माझ्याबरोबर त्या दरवाजाशी उभा राहिलेला. आता पुण्यातल्याच एका कंपनीत लिनक्सच्या कामावर आहे. चकलीचा तुकडा मोडत मी सहज विचारले, ‘काय रे, दिवसभर करतोस तरी काय?’

तो म्हणाला, ‘सर, कंसातला एक खोडतो.’

‘एकच?’

‘एका ओळीतला एकच. पण अशा ओळी पुष्कळ आहेत.’

मास्तरांची फिरकी घेण्याची जुनी खोड अजून गेली नाही, असे मला वाटले. पण त्याचा चेहरा गंभीर होता. ‘सर, आमच्याकडेही ध चा मा होतो. फक्त त्याला कोणाचा हात लागत नाही. शेजारचं अक्षर आपोआप वाहत येतं.’

त्या दिवशी त्याने जे सांगितले, आणि पुढे वर्षभर मी त्याच्याकडून व पुस्तकांतून जे समजून घेतले, ते वाचकांपुढे मांडावे म्हणून हा लेखनप्रपंच. माझे गणित मॅट्रिकपाशी थांबले आहे. म्हणून मला समजले तेवढेच, आणि मला समजले तसेच सांगतो.

आमचा जुना वाडा डोळ्यांपुढे आणा. एका ओळीत खोल्या, प्रत्येक खोलीला क्रमांक. संगणकाची मेमरी म्हणजे असाच एक अफाट लांब वाडा. प्रत्येक खोलीत एक आकडा किंवा एक अक्षर. प्रोग्राम लिहिणारा आरंभीच सांगून ठेवतो की, मला सलग दहा खोल्या हव्यात. अशा सलग खोल्यांच्या रांगेला ‘ॲरे’ म्हणतात, आणि चौकोनी कंसात [१०] असे लिहून तिची लांबी जाहीर करतात.

आता कोणी अकराव्या खोलीत सामान नेऊन ठेवले तर? ज्या सी भाषेत जगातील बहुतेक पायाभूत प्रोग्राम लिहिले गेले, त्या भाषेत दहावी आणि अकरावी यांच्यामध्ये भिंतच नाही. सामान गुपचूप शेजाऱ्याच्या घरात जाऊन पडते. त्या शेजाऱ्याच्या घरात कधी कधी ‘हे काम संपले की पुढे कोठे जावे’ याचा पत्ता लिहिलेला असतो. त्यावर आपले सामान पडले की पत्ता बदलतो, आणि यंत्र इमानेइतबारे बदललेल्या पत्त्यावर जाते. धरावेचे मारावे ते हेच.

येथपर्यंत चूक ही हिशेबाची चूक आहे. परंतु माझ्या विद्यार्थ्याच्या ‘एका’ची कथा याहून न्यारी. बिऱ्हाड किती माणसांचे, हे आधी ठाऊक नसते तेव्हा काय करावे? येणारा निरोप दहा अक्षरांचा असेल किंवा हजार अक्षरांचा असेल. जुन्या प्रोग्रामकर्त्यांनी यावर एक युक्ती काढली. माहितीची चौकट आखावयाची, तिच्यात सर्वांत शेवटी एक ॲरे ठेवावयाचा, कंसात लिहावयाचे [१], आणि प्रत्यक्षात लागेल तेवढी जागा मागून घ्यावयाची. म्हणजे दारावरची पाटी एका खोलीची, आणि मागे परसात पडव्या लागतील तितक्या! वाड्यात राहिलेल्या वाचकांना हे लगेच उमगेल. ओळीत मधल्या बिऱ्हाडाला वाढता येत नाही. ज्याची खोली शेवटची, त्यालाच परसाची मोकळी जागा.

मालकाची संमती असेल तर यात वाईट काय? वाईट हे की, वाड्यात घरपट्टीचा निरीक्षकही येतो. संगणकाच्या जगातील या निरीक्षकाला कंपायलर म्हणतात. माणसाने लिहिलेला प्रोग्राम यंत्राच्या बोलीत उतरविणे हे त्याचे काम. पण तेवढ्यात तो जाता जाता मोजमापही तपासू शकतो. या निरीक्षकाला अनुभवाने कळले की, शेवटच्या बिऱ्हाडाच्या पाटीवर विश्वास ठेवण्यात अर्थ नाही. ती एक म्हणते आणि निघतात चाळीस. बिचाऱ्याने शेवटच्या बिऱ्हाडाकडे पाहणेच सोडून दिले. परिणाम असा झाला की, ज्या शेवटच्या बिऱ्हाडाच्या पाटीवर चार लिहिलेले होते आणि खरोखरच चार होते, त्याचीही तपासणी बंद पडली. एकाच्या लटक्या पाटीमुळे दुसऱ्याची खरी पाटी निरुपयोगी झाली.

हे ऐकताना मला आमच्या जुन्या दप्तरांची आठवण झाली. शिवाजीमहाराजांच्या पत्रांवर वरच्या बाजूस प्रतिपच्चंद्राची मुद्रा असते, ती आपणा सर्वांस ठाऊक आहे. शाळेच्या भिंतीवर ती रंगविलेली असते. पण पत्राच्या अखेरीस आणखी एक लहान शिक्का असतो, त्याच्याकडे फारसे कोणी पाहत नाही. त्यावर अक्षरे आहेत ‘मर्यादेयं विराजते’. मजकुराची सीमा येथे आहे, हा त्याचा अर्थ. पुढे पेशवाईच्या कागदांत हेच काम ‘लेखनसीमा’ या शिक्क्याने केले. वरची मुद्रा सांगते की हा शब्द कोणाचा. खालची सांगते की तो कोठे संपला. दोन्ही असतील तेव्हाच पत्र पुरे. नाहीतर हुकूम घेऊन जाणाऱ्याने वाटेत खाली एक ओळ वाढविली, तर किल्लेदाराला कळावे कसे? कागद लांब असला, दोन तुकडे चिकटवून केलेला असला, तर पाठीमागे जोडावर शिक्का उमटवीत, म्हणजे मधला तुकडा बदलून दुसरा चिकटविण्याची सोय राहू नये.

सावकारांची रीत तर याहून चोख. हुंडीवर रक्कम आकड्यांत लिहावयाची, मग अक्षरांत लिहावयाची, आणि तेवढ्याने समाधान न होऊन तिची निमपटही लिहावयाची: रुपये एक हजार, निमे पाचशे, त्याचे दुप्पट. आकड्यापुढे शून्य वाढविणे सोपे आहे. पण शून्यही वाढवावयाचे, अक्षरेही बदलावयाची आणि निम्मेही जुळवावयाचे, हे चोराला जड जाते. आमच्या कारकुनांचा आणि सावकारांचा माणसांवर विश्वास नव्हता, असा याचा अर्थ नव्हे. हुंडी ज्याच्या हाती द्यावयाची तो ओळखीचा असे. पण ती पुढे ज्यांच्या हातांतून जाणार, ते सगळेच ओळखीचे नसत. कागद अनोळखी हातांत जावयाचा असेल, तर त्याची मर्यादा कागदावरच लिहिली पाहिजे, हे त्यांना कळले होते.

मग सी भाषा करणाऱ्या विद्वानांना हे कळले नव्हते काय? या प्रश्नाने मला बरेच दिवस छळले. उत्तर शोधावयास गेलो तेव्हा त्या लोकांविषयीचा माझा राग गेला.

अमेरिकेत न्यू जर्सी राज्यातील मरे हिल येथे बेल लॅबोरेटरीज ही संशोधनसंस्था. तेथे केन टॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी १९६९ पासून युनिक्सची जुळणी चालविली. १९७० साली पीडीपी-११ हे यंत्र त्यांच्या हाती आले. त्याची मेमरी चोवीस किलोबाइट. म्हणजे पंचवीस हजारांच्याही आत इंग्रजी अक्षरे मावतील एवढी. त्यांतील दोन तृतीयांश युनिक्सलाच लागे, आणि उरलेल्या आठ किलोबाइटांत वापरणाऱ्याने आपला संसार मांडावयाचा. १९७१ ते १९७३ या काळात रिची यांनी सी भाषा घडविली आणि १९७३ साली युनिक्सचा गाभा तिच्यात नव्याने लिहिला गेला. जेथे एकेक खोली मोजून वापरावयाची, तेथे प्रत्येक रांगेपाशी ‘ही इतकी लांब’ म्हणून पाटी टांगणे आणि दर पावलाला ती वाचणे ही चैन होती. सी भाषेत ॲरेचे नाव घेतले की हाती येतो तो पहिल्या खोलीचा पत्ता. शेवटची खोली कोणती, हे लिहिणाऱ्याने आपल्या डोक्यात ठेवावयाचे. लिहिणारे थोडे होते, एकमेकांना ओळखत होते आणि एकमेकांचे लिखाण वाचीत होते. घरातल्या पंगतीत कोणी पाने मोजून ठेवीत नाही, त्यातलाच हा प्रकार.

कंसात एक लिहून अनेक मानण्याची युक्ती पुढे प्रचारात आली तेव्हा खुद्द रिची यांनी तिला नाक मुरडले होते. कंपायलरशी ही नको तितकी सलगी आहे, अशा अर्थाचे त्यांचे मत नमूद आहे. सलगी हा शब्द मला फार आवडला. गुन्हा नव्हे, सलगी! ओळखीच्या वाण्याकडे आपण लिहून न घेता उधारी करतो, तशी.

दुसरी वाट ठाऊकच नव्हती, असेही नाही. इंग्लंडात टोनी होर यांच्या मंडळींनी १९६० च्या सुमारास एलियट कंपनीच्या यंत्रासाठी अल्गोल भाषेचा कंपायलर केला, आणि त्यात ॲरेच्या प्रत्येक खोलीत पाऊल टाकताना ती आपलीच आहे ना, हे तपासण्याची व्यवस्था केली. पुढे काही वर्षांनी त्यांनी गिऱ्हाइकांना विचारले, ‘वेळ वाचावा म्हणून ही तपासणी बंद करण्याची सोय देऊ काय?’ गिऱ्हाइकांनी एकमुखाने नको म्हणून सांगितले. अशा चुका आपल्या हातून रोज किती होतात, हे त्यांना त्या तपासणीमुळेच कळले होते. होर यांनी ही हकीकत १९८० साली ट्युरिंग पारितोषिक स्वीकारतानाच्या व्याख्यानात सांगितली. तोपर्यंत सी भाषा मात्र देशोदेशी पसरली होती. ती चपळ होती, आटोपशीर होती, आणि कोणत्याही यंत्रावर नेता येत होती.

आमच्याकडेही ती आली. १९८८ साली पुण्यात सी-डॅक संस्था निघाली आणि १९९१ मध्ये विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली ‘परम ८०००’ हा महासंगणक तयार झाला, तो काळ पुणेकरांना आठवत असेल. त्यानंतर पेठापेठांतून संगणकाचे क्लास निघाले. जिन्याखालच्या खोलीत चार यंत्रे आणि दारावर टर्बो सीची पाटी. नागपूरच्या यशवंत कानेटकरांचे ‘लेट अस सी’ हे पुस्तक तर मुलांच्या पिशव्यांत पाढ्यांच्या पुस्तकासारखे असे. या भाषेवर मराठी मुलांच्या किती घरांत चूल पेटली आणि किती जण सातासमुद्रापलीकडे गेले, हे पाहिले म्हणजे तिला नावे ठेवण्यास जीभ वळत नाही.

पण पंगत घरातली राहिली नाही. तारांनी यंत्रे एकमेकांना जोडली गेली आणि अनोळखी माणसे दारातून आत येऊ लागली. २ नोव्हेंबर १९८८ रोजी कॉर्नेल विद्यापीठातील रॉबर्ट मॉरिस नावाच्या विद्यार्थ्याने एक प्रोग्राम जाळ्यात सोडला. यंत्रात शिरण्याच्या त्याच्या अनेक वाटांपैकी एक अशी: ‘अमुक मनुष्य कोण?’ या चौकशीला उत्तर देणारा एक लहानसा प्रोग्राम युनिक्सवर असे. चौकशीचा मजकूर ठेवण्यास त्याने ५१२ खोल्या राखून ठेवल्या होत्या, पण मजकूर किती लांब आहे हे तो मोजीत नसे. मॉरिसने ५३६ अक्षरे पाठविली. वरची चोवीस अक्षरे शेजारी सांडली, पुढे जाण्याचा पत्ता बदलला, आणि यंत्र पाहुण्याचे हुकूम ऐकू लागले. त्या वेळच्या अंदाजाप्रमाणे सुमारे सहा हजार यंत्रे या साथीत सापडली.

उलट प्रकारही घडतो. सामान सांडत नाही, तर शेजाऱ्याचे उचलून दिले जाते. ७ एप्रिल २०१४ रोजी ‘हार्टब्लीड’ नावाचा दोष उघडकीस आला. बँकांचे आणि टपालाचे गुप्त व्यवहार सांभाळणारा ओपनएसएसएल हा प्रोग्राम. ‘जागा आहेस ना? मी पाठवितो ते अक्षर परत म्हणून दाखव,’ असे त्याला विचारता येई. विचारणारा एक शब्द पाठवी आणि सांगे की, हा चौसष्ट हजार अक्षरांचा आहे. प्रोग्राम त्याच्या बोलण्यावर विश्वास ठेवून एक शब्द आणि त्याच्या शेजारच्या खोल्यांत जे काही असेल ते सारे त्याच्या ओंजळीत घाली. त्यात दुसऱ्यांचे परवलीचे शब्दही असत. पाहुण्याने सांगितलेली संख्या आणि घरातले खरे सामान ताडून पाहणारा कोणीच नव्हता.

‘एका’ची दुरुस्ती कागदावर बरीच आधी झाली होती. १९९९ साली सी भाषेच्या नव्या नियमावलीने चौकटीच्या शेवटी रिकामा कंस [] लिहिण्यास मान्यता दिली. येथे किती येतील हे मला आज ठाऊक नाही, असे सरळ सांगणारा तो कंस. तो शेवटी नसून मध्ये कोठे आला तर कंपायलर काम थांबवून चूक दाखवितो, आणि चौकटीचे माप काढताना त्याची खोली धरीत नाही. एक म्हणून अनेक मानण्यापेक्षा ‘ठाऊक नाही’ म्हणणे अधिक खरे, एवढाच त्यातला मुद्दा.

नियम झाला, पण आधी लिहिलेले हजारो ‘एक’ तसेच राहिले. काहींनी एकाऐवजी शून्य लिहिले होते. लटकी पाटी ती लटकीच. लिनस टोर्व्हाल्ड्स यांनी १९९१ साली आरंभिलेला लिनक्सचा गाभा, ज्याला कर्नेल म्हणतात, अशा कंसांनी भरलेला होता. आणि हे कर्नेल आज प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये आहे. आपण वाण्याला फोनवरून पैसे देतो, परगावच्या लेकीशी बोलतो, ते सारे त्याच्या जोत्यावर. केस कुक, गुस्ताव्हो सिल्व्हा आणि त्यांचे सहकारी यांनी हे ‘एक’ आणि ‘शून्य’ वेचण्याचे काम हाती घेतले. २०२० पासून त्याला वेग आला. एकेक ओळ घ्यावयाची, बदलावयाची, ती दहा जणांनी वाचावयाची, मग ती मुख्य लिखाणात जावयाची.

‘मग एक खोडायला इतकी वर्षं कशाला?’ मी माझ्या विद्यार्थ्याला विचारले.

तो हसला नाही. म्हणाला, ‘सर, एक खोडणं सोपं. त्या एकासाठी दुसरीकडे वजा केलेला एक सापडणं कठीण.’

मग त्याने ताटातल्या शंकरपाळ्या मांडून दाखविले. दहा पाहुणे यावयाचे आहेत. जुन्या चौकटीत एका पाहुण्याची जागा धरलेली. म्हणून जुना प्रोग्रामकर्ता जागा मागताना ‘चौकट आणि आणखी नऊ’ असे मागे. आता कंस रिकामा केला, चौकटीतली ती एक जागा गेली. मागणीत मात्र नऊच राहिले, तर दहावा पाहुणा शेजारच्या घरात जाऊन बसणार! म्हणजे सुरक्षेसाठी केलेल्या दुरुस्तीनेच नवा धोका. ती वजाबाकी त्याच पानावर असेल असे नाही. दुसऱ्याने, दुसऱ्या फाइलमध्ये, दहा वर्षांपूर्वी लिहिलेली असेल. म्हणून कित्येकदा बदलापूर्वीचे आणि बदलानंतरचे यंत्रभाषेतील लिखाण शेजारी ठेवून एकही आकडा हललेला नाही याची खात्री करून घेतात. काही चौकटी तर बाहेरच्या प्रोग्रामांनी शब्दशः गृहीत धरलेल्या. त्यांचे माप बदलले तर चालते घर बंद पडावयाचे. तेथे जुने माप तसेच ठेवून त्याच जागी नवा कंस वेगळ्या मांडणीने बसवावा लागतो.

‘माझ्या पहिल्याच महिन्यात अशी एक वजाबाकी माझ्या नजरेतून सुटली,’ तो म्हणाला. ‘एका वडीलधाऱ्या परीक्षकाने पकडली. दोन ओळींचं उत्तर लिहिलं, रागावले नाहीत. पण सर, त्या रात्री झोप नाही आली. ती ओळ गेली असती तर कुणाकुणाच्या फोनमध्ये गेली असती, हेच मोजत बसलो.’

एवढी साफसफाई झाल्यावर निरीक्षकाला पुन्हा डोळे उघडावयास सांगता आले. २०२३ च्या ऑगस्टमध्ये निघालेल्या लिनक्सच्या ६.५ आवृत्तीपासून कर्नेलच्या कंपायलरला कडक आज्ञा आहे: रिकामा कंस असेल तोच वाढणारा, ज्याच्या पाटीवर आकडा आहे, त्याचा आकडा खरा मानून तपासणी करावयाची. या तपासणीच्या शास्त्रात एक मराठी आडनावही आहे, हे वाचून मला आनंद झाला. सिद्धेश पोयरेकर यांनी केलेल्या कामामुळे जीसीसी या कंपायलरच्या २०२२ मधील बाराव्या आवृत्तीत, जागेचे माप आधीपासून ठरलेले नसले आणि ते प्रोग्राम चालू असतानाच ठरत असले, तरी ते हिशेबात घेऊन पहारा देण्याची सोय झाली.

आणि शेवटची पायरी तर साक्षात हुंडीचीच! रिकामा कंस ‘ठाऊक नाही’ म्हणतो. पण जागा मागितल्यावर तर संख्या ठाऊक होतेच ना? ती चौकटीतच एका घरात लिहिलेली असते. मग ‘या रांगेची संख्या त्या घरात पाहावी’ अशी खूण रांगेपाशीच करण्याची पद्धत निघाली. क्लँग या कंपायलरने ती २०२४ मध्ये आणि जीसीसीने २०२५ मध्ये स्वीकारली. अट एकच: आधी संख्या लिहावयाची, मग रांगेला हात लावावयाचा. आधी आकडा, मग ऐवज. आमच्या पेढीवरच्या मुनिमाला हे समजावून सांगावे लागले नसते.

आता माझी गोष्ट सांगतो. ती सांगितल्यावाचून हा लेख पुरा व्हावयाचा नाही. आमचा जुना वाडा आता उभा नाही. त्या जागी इमारत झाली आणि तिच्यात मला घर मिळाले. वाडा पाडण्यापूर्वी सर्व भाडेकरूंनी एका करारावर सह्या केल्या. कागद लांबलचक, भाषा अवघड. म्हणून सगळ्यांनी तो माझ्यापुढे ठेवला. मी दोन रात्री जागून वाचला. भाडेकरूंनी द्यावयाच्या खर्चाची यादी होती आणि तिच्या अखेरीस ‘इत्यादी’ हा एक शब्द होता. मी रोज फळ्यावर तो लिहितो. मला त्यात वावगे काहीच दिसले नाही. ‘मास्तरांनी वाचलंय ना?’ एवढे विचारून तळमजल्यावरच्या आजींनी माझ्या नावाखाली थरथरत्या हाताने सही केली.

पुढे त्या ‘इत्यादी’च्या परसात पडव्या उठू लागल्या. आज हा आकार, उद्या तो आकार. एक म्हटले होते, त्याचे अनेक झाले. आम्ही कसेबसे भरले. आजींना जमले नाही. आपला हक्क सोडून त्या भावाकडे गावी गेल्या. जाताना मला एक शब्द बोलल्या नाहीत, उलट माझ्या मुलीच्या हातावर खाऊला दहा रुपये ठेवून गेल्या. मर्यादेच्या शिक्क्याविषयी वर्गात वर्षानुवर्षे बोलणाऱ्या मास्तराने ‘एकूण बाबी किती?’ हा एक प्रश्न विचारावयाचा होता. तो मी विचारला नाही, कारण समोरची माणसे ओळखीची होती. सलगी!

म्हणून कंसातला एक खोडणाऱ्या त्या पोराचे काम मला क्षुल्लक वाटत नाही. तो रिचींची चूक काढीत नाही, आणि मीही काढीत नाही. त्यांनी आपल्या घरासाठी लिहिले; पुढे त्या घरात सगळे जग राहावयास आले. वडिलांनी जी मर्यादा मनात ठेवली होती, ती मुलांनी कागदावर उतरविली, एवढेच. आता पेठेत कोणाचाही कागद माझ्याकडे वाचावयास आला, तर मी आधी यादीच्या डोक्यावर पेन्सिलीने लिहितो: ‘एकूण बाबी —’, आणि आकडा भरल्यावाचून पुढे वाचीत नाही. लोक म्हणतात, मास्तर फार चिकित्सक झाले. म्हणोत बापडे.

यंदाही तो पाडव्याला येईल. त्याच्यासाठी शंकरपाळ्या मोजूनच ठेवणार आहे, आणि डब्यावर आकडाही लिहिणार आहे.

लेखनसीमा.